हातानं आवळलेला बोल्ट

इंजिनातलं जुनं तेल काढायचं तर खाली एखादं भांडं ठेवावं लागतं, एवढं मला माहीत होतं. कोणतं ठेवू नये, हे माहीत नव्हतं. मी मायची काठवट ठेवली. भाकरीचं पीठ मळायची ती लाकडी काठवट, एकाच ओंडक्यात कोरलेली, वर्षानुवर्षांच्या मळण्यानं आतून काचेसारखी गुळगुळीत झालेली, अंगणात ऊन खात पालथी पडली होती आणि मला ती नेमक्या मापाची वाटली. गाडीखाली उताणा पडून मी बोल्ट सोडला, काळंभोर तेल धारेनं काठवटीत उतरायला लागलं, आणि माझ्या तोंडासमोर मायचे दोन पाय येऊन उभे राहिले.

"काय करायलास रं?"

"तेल काढायलोय, माय."

"ते दिसायलंय. कशात काढायलास?"

मग मी मान वळवून पाहिलं. त्यानंतर माय जे बोलली ते इथं लिहिलं तर ही वही नातवंडांच्या हातात देता यायची नाही. राख झाली, चिंच झाली, चार दिवसांचं कडक ऊन झालं, तरी लाकडात मुरलेलं तेल काही निघालं नाही. पाचव्या दिवशीच्या भाकरीला पेट्रोल पंपाचा वास होता. माय अप्पांच्या ताटाकडं डोळे लावून बसली. अप्पांनी पहिला घास अंबाडीच्या भाजीला लावून सावकाश चावला, गिळला, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "इंजिनाला चालतंय, मग माणसाला चालायला काय झालं?" मायला पदर तोंडाला लावावा लागला. मी वाचलो. माझे वडील असेच होते. माझी चूक कितीही कडू असो, ते ती घासाबरोबर खाऊन टाकत.

आमचं घर पेडगावात, किराणा दुकानाच्या मागं. सकाळी जाग यायची ती दोन आवाजांनी. एक अप्पांच्या पूजेतली घंटी आणि दुसरा दुकानाच्या फळ्या काढल्याचा धाडधाड आवाज. कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय आणि गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अप्पा पाणीही घेत नसत. अशा शांत, नेमस्त माणसानं गाडी का घेतली हे कोडं मायला शेवटपर्यंत सुटलं नाही. परभणीच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. पांढरी, गोल नाकाची. दार लावलं की शेजारची कुत्री उठून बसायची. अप्पांना चालवता येत नव्हती. ते शेजारच्या सीटवर, टोपी मांडीवर घेऊन, देवळात बसावं तसे बसत. गाडी खरं म्हणजे गावाचीच होती. कुणाला विंचू चावला, कुणाच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या, कुणाचा नवरदेव मिरवायचा राहिला, की माणूस आमच्या दुकानापुढं येऊन उभा. अप्पा तागडी खाली ठेवत आणि म्हणत, "काढ रं गाडी."

आणि ती गळायची. माणसाला घाम यावा तसं तिला तेल यायचं. उभी राहील तिथं काळं वर्तुळ. माय रोज सकाळी सडा घालायच्या आधी त्या वर्तुळावर राख टाकायची आणि गाडीला सवतीसारखी नावं ठेवायची. समोरचा शिंपी म्हणायचा, "शेठ कुठं गेल्यात ते विचारावं लागत न्हाई. थेंबाच्या मागं मागं जावं." तेल कमी असल्याचा लाल दिवा तर आमच्या गाडीत समईसारखा तेवत असायचा, लोकांना वाटायचं शोभेचा आहे.

मी वीस वर्षांचा होतो. मोटार मेकॅनिकचा कोर्स करायला परभणीला गेलो होतो आणि प्रात्यक्षिकात नापास होऊन परत आलो होतो. अप्पा लोकांना सांगत, "सुट्टीला आलाय." ती सुट्टी आठ महिने चालली होती. गिऱ्हाइकं मान डोलावत, पण गावात कोणाला काय कळायचं ते कळलेलं असतंच. म्हणून मला त्या गाडीचं गळणं बंद करायचं होतं. काठवटीचा प्रताप हा पहिला प्रयत्न. त्यात मी इंजिनाच्या वरचं पॅकिंग बदललं. गळती खालून होती.

दुसरंही एक कारण होतं. अप्पांना एकच बहीण, गिरिजाआत्या, चुडाव्याला दिलेली. अप्पा रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. आत्या तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिनं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. भाकरी चावून मऊ करून भरवली, त्यांची जावळं तिनं मांडीवर घेऊन काढवली, आणि लग्न होऊन सासरी गेली तेव्हा हा सहा वर्षांचा भाऊ रडत रडत पाठराखणीला गेला तो वर्षभर तिथंच राहिला. सारं पेडगाव अप्पांना लिंगाप्पाशेठ म्हणायचं. लिंगू म्हणणारी माणसं एक एक करून गेली होती, आत्या तेवढी उरली होती. त्या वर्षी श्रावणापासून तिनं अंथरूण धरलं. अप्पा दर सोमवारी पॅसेंजरनं चुडाव्याला जायचे, तासभर तिच्याजवळ बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचे. मला वाटायचं, गाडी धड झाली तर आपण त्यांना मनात येईल तेव्हा घेऊन जाऊ.

खंडेनवमीच्या दिवशी पहाटेच मी कामाला लागलो. पुढची चाकं दोन दगडी पायऱ्यांवर चढवली, मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना दगडाच्या उट्या लावल्या आणि खाली शिरलो. या वेळी तेलासाठी गोडेतेलाचा डबा कापून घेतला होता. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवायचं जे भांडं असतं त्याला चेंबर म्हणतात. ते आणि इंजिन यांच्या मधे बुचाची पातळ पट्टी असते, तेच पॅकिंग. आमची पट्टी वाळून, तडकून पापडासारखी झाली होती. चेंबर उतरवलं, रॉकेलनं घासून घासून चकचकीत केलं, जुनी पट्टी चाकूनं खरवडली, परभणीहून आणलेली नवी बसवली. कडेचे सगळे बोल्ट आमच्या शिक्षकांनी शिकवलं होतं तसे, आधी हलके आणि मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. खोटं कशाला सांगू, ते काम मी फार चांगलं केलं. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काही केलं असेल तर आठवत नाही. नंतर मी शाळेत मास्तर झालो. तिथं असं काम करायची वेळ कधी आली नाही.

शेवटी एकच बोल्ट राहिला होता. चेंबरच्या तळाचा, तेल काढून टाकायचा, सगळ्यात जाड. तो मी हातानं फिरवत वर चढवला आणि पाना घ्यायला हात लांबवला, तर पान्यांवर मायचा हात.

"दे इकडं. घासायच्यात. पूजा मांडायची हाय."

"एक बोल्ट राहिलाय माय. दोन मिनटं थांब."

"दोन मिनटं म्हणत म्हणत तू कोंबड्याच्या बांगेपासनं गाडीखाली हायस. तिकडं अप्पा उपाशी बसल्यात. दे."

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर येतं. तागडी, मापं, कुऱ्हाड, खुरपी, सुपारीचा अडकित्ता, आणि गाडी आल्यापासून पाने नि हातोडी. घासून, पुसून, विभूती लावून, झेंडूची फुलं वाहून एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं देऊन-घेऊन होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. दुकान बंद. त्या दीड दिवसात अप्पा सुपारीसुद्धा दातानं फोडायचे. मी पाने देऊन टाकले. तो बोल्ट बोटांनी जेवढा आवळता येईल तेवढा आवळला, शर्टाच्या टोकानं धरून आणखी अर्धा फेरा दिला आणि मनात म्हटलं, उद्या संध्याकाळी पाना लावू. मग नवं तेल ओतलं, दुकानातल्या खोक्याचा एक पांढरा पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि इंजिन सुरू करून बराच वेळ तसंच चालू ठेवलं.

पुठ्ठ्यावर थेंब नाही. दुपारी नाही, दिवेलागणीला नाही. अप्पा स्वतः दोनदा वाकून बघून गेले. मग तो पुठ्ठा बाहेर काढून त्यांनी दुकानाच्या ओट्यावर ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उलटसुलट करून दाखवायला लागले. "पोरानं चेंबर उतरवलं. एकट्यानं. बघा, थेंब हाय का?" लोक कोरा पुठ्ठा हातात घेऊन, उजेडाकडं धरून, अगदी गंभीरपणे बघत. शिंपी म्हणाला, "शेठ, आता तुमाला हुडकावं कसं?" अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्याविषयी बोलताना त्यांचा आवाज असा वर गेलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. नंतर मात्र पुष्कळदा ऐकला, आणि दर वेळी जीव द्यावासा वाटला. ते पुढं येईल.

दसऱ्याच्या सकाळी माय पुरण वाटत होती. अप्पा पूजेला बसले होते. पोस्टातला माणूस सायकल भिंतीला टेकवून आत आला. गावातला फोन तेव्हा पोस्टात होता.

"चुडाव्याहून फोन आलता. आक्का लय जड हायत. शुद्धीत हायत, पण लिंगूला आणा, लिंगूला आणा, एवढंच म्हणायल्यात."

अप्पांनी लिंग डोळ्यांना लावून गळ्यात घातलं. त्यांची पूजा अर्धवट सुटलेली मी त्या एकाच दिवशी पाहिली. "पॅसेंजर हाय आता," ते म्हणाले. "पायी गेलं तरी गावतीय. सरळ चुडाव्याला उतरू."

आणि मी म्हणालो, "पॅसेंजर पूर्णेला किती येळ उभी ऱ्हाईल त्याचा नेम न्हाई. गाडीनं जाऊ. तिच्या आधी पोचू."

"जाईल का तेवढी?"

"थेंब न्हाई अप्पा. तुमीच बघितलंय."

"बघितलंय की," अप्पा म्हणाले. "साऱ्या गावाला दाखवलंय."

चावी देवघरातल्या खुंटीला होती. ती काढताना माझी नजर खाली पाटावर गेली. झेंडूच्या फुलांत पाने ओळीनं ठेवले होते आणि त्या जाड बोल्टाला लागणारा पाना सगळ्यात पुढं होता, त्याच्यावर विभूतीची तीन बोटं. मला बोल्ट आठवला. लोकांना ही गोष्ट सांगताना मी आजवर पाटाचं सांगितलं, फुलांचं सांगितलं, दातानं फोडलेल्या सुपारीचं तर रंगवून सांगितलं, पण हे नाही सांगितलं. मी विसरलो नव्हतो. मागितला असता तर मायनं देवाची माफी मागून पाना काढून दिला असता. अप्पांनी स्वतः उचलून हातात दिला असता, बहिणीपुढं त्यांना कसलं सोवळं? अडचण देवाची नव्हतीच. अडचण एवढीच की, काम पुरं झालेलं नाही, हे त्या पुठ्ठ्यानंतर मला तोंडानं म्हणावं लागलं असतं. तेल तर गळत नाही, मी मनाला सांगितलं. कालपासून थेंब नाही. चावी घेऊन मी बाहेर आलो.

मायनं एक हिरवं लुगडं पिशवीत घातलं. अप्पांनी विचारलं, "हे कशाला?"

"भाऊबीजेचं आणून ठिवलंय. आता जायलातच तर देऊन टाका."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. आमच्यात बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. त्यांना ते माहीत होतं आणि मलाही. अप्पांनी पिशवी घेतली आणि टोपीसारखी मांडीवर ठेवली.

परभणीपर्यंत गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. अप्पा बोलत होते. एरवी रस्त्यानं ते फारसं बोलायचे नाहीत. आत्यानं एकदा त्यांना विहिरीवर गेल्याबद्दल चिंचेच्या फोकानं मारलं होतं आणि मग तीच त्यांच्यापेक्षा जास्त रडत बसली होती, ते सांगितलं. तिच्या हातचे धपाटे सांगितले. "आज तिला दसऱ्याचं सोनं मी देणार," म्हणाले. "दर वर्षी ऱ्हाऊन जातंय." परभणी मागं पडली. पूर्णेच्या रस्त्याला लागलो, खड्डे सुरू झाले, आणि थोड्या वेळानं लाल दिवा लागला. सकाळपासून तो विझलेला होता. त्याच्या विझण्याचा मला कोण अभिमान वाटला होता. अप्पांना वाटलं, नेहमीचाच आहे. मला माहीत होतं, नेहमीचा नाही. तिथंच थांबलो असतो तर इंजिन तरी वाचलं असतं, परतून परभणीहून काही वाहन तरी मिळालं असतं. मी थांबलो नाही. उलट पाय दाबला. पुढं कुठंतरी आतून उखळात लोखंडी मुसळ पडावं तसा ठोका यायला लागला, एक कर्कश आवाज झाला, आणि गाडीनं जागच्या जागी मान टाकली.

मी खाली शिरलो. चेंबर चकचकीत होतं. कडेचं पॅकिंग कोरडं ठणठणीत, माझ्या कामासारखं काम. आणि तळाशी, बोल्टाच्या जागी, भोक. त्यातून शेवटचा एक थेंब लोंबकळत होता, तोही पडेना. किती वेळ मी तिथं पडून राहिलो सांगता येत नाही. इंजिनाची धग तोंडावर येत होती. माणसाला आयुष्यात एकदा तरी जमिनीत जावंसं वाटतं म्हणतात. मी निम्मा गेलेलाच होतो.

"काय झालं रं?" वरून अप्पांचा आवाज.

"इंजिनच जाम झालंय अप्पा. जुनं हाय. किती दिवस टिकणार."

मी बाहेर आलो. अप्पा बॉनेटवर हात ठेवून उभे होते, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाले, "जाऊ दे. तिचंबी वय झालं. तू मनाला लावून घेऊ नको, तुझ्या कामात खोट न्हाई." मागं रस्त्यावर, आम्ही आलो त्या दिशेनं, तेलाची काळी रेघ लांबवर गेलेली दिसत होती. अप्पा थोडा वेळ तिकडं तोंड करून उभे राहिले. त्यांनी ती पाहिली की नुसतंच येणाऱ्या गाडीकडं बघत होते, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

तिथं रस्ता आणि रूळ जवळ जवळ येतात. आम्ही उभे असतानाच आमची पॅसेंजर आली. सणाची असून रिकामी होती. सगळ्या खिडक्या आमच्यासमोरून सावकाश गेल्या. एका खिडकीतून एक लहान पोरगी हात हलवत होती. अप्पांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तिला हात हलवला.

रस्त्यावर वाहन नव्हतं. दसरा होता, कुणाचा ट्रॅक्टर धुतला जात होता, कुणाच्या जीपला हार चढत होते. जवळच्या वस्तीवर एक मेकॅनिक आहे म्हणून मी पळत गेलो. त्यानं दुकानाच्या दारातूनच पाटाकडं बोट दाखवलं. "पाने पूजेत हायत दादा. आज हात लावत न्हाई. उद्या या." आणि उद्या आलो असतो तरी तो तरी काय करणार होता? परत आलो तर अप्पा तसेच उभे. उन्हं वर आली होती. त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी म्हणालो, सावलीला बसा. म्हणाले, "बसलो तर हात करायला उशीर व्हतो." शेवटी एक काळी-पिवळी जीप आली. तिच्यात आधीच एकोणीस माणसं आणि एक शेळी होती. आम्ही मागं लोंबकळत पूर्णेला गेलो आणि तिथून दुसऱ्या जीपनं चुडाव्याला.

आत्याच्या गल्लीच्या तोंडाशीच बायकांचं रडणं ऐकू आलं. घर अजून वीसेक पावलं होतं. अप्पांनी तिथंच चपला काढल्या आणि हातात घेऊन अनवाणी चालत गेले. सोप्यात आत्याला ठेवलं होतं. उशाशी शेजारची एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बसली होती, ती उठली आणि अप्पांना जागा दिली. हीच मुलगी पुढं चार वर्षांनी माझी बायको झाली, पण त्या दिवशी मी तिच्याकडं काय, कुणाकडंच वर मान करून बघितलं नाही. अप्पांनी आत्याचा तळहात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडं वळून, चांगली बातमी सांगावी तसं म्हणाले, "ऊन हाय रं अजून."

कुणीतरी म्हातारी म्हणाली, "दोन घंटे आधी आले असते तर…" आणि तिला कुणीतरी गप्प केलं. तेव्हा अप्पा, कुणी काही विचारलेलं नसताना, सगळ्यांकडं बघून म्हणाले, "गाडी बिघडली वाटंत. पोराची काही चूक न्हाई. त्यानं लय केलं."

मायनं दिलेलं हिरवं लुगडं आत्याच्या अंगावर घातलं. आमच्या रीतीप्रमाणं तिला समाधीच्या खड्ड्यात बसवलं, हातात लिंग दिलं, बेल आणि विभूती घातली. मातीची पहिली मूठ अप्पांनी घातली. खिशातून आपट्याची पानं निघाली, सकाळी कधी घेतली होती कोण जाणे, तीही मातीबरोबर पडली.

गाडी पुढं बैल लावून ओढत पेडगावला आणली. ती बेलाच्या झाडाखाली वर्षानुवर्षं उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. आता माझ्या दारात नवी गाडी आहे. तिचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं काळं झाकण दिसतं आणि ते बघून मी बॉनेट परत लावतो. अप्पा मात्र कुणीही गाडीचा विषय काढला की सांगायचे, "इंजिन जुनं व्हतं म्हणून गेलं. पण चेंबरचं काम पोरानं असं केलतं की थेंब न्हाई." सोयऱ्यांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, माझ्या शाळेतल्या हेडमास्तरांना घरी बोलावून सांगितलं. बहिणीची शेवटची भेट ज्याच्यापायी हुकली त्याच माणसाचं कौतुक ते वीस वर्षं करत राहिले आणि मी समोर बसून ऐकत राहिलो. शेवटच्या दुखण्यात मी ठरवलं होतं, आता सांगायचं. वरणाची वाटी घेऊन उशाशी बसलो, दारं लावून घेतली, घसा साफ केला. अप्पा म्हणाले, "वरणात मीठ कमी पडलंय, पण सुनेला सांगू नको. तिला वाईट वाटंल." त्या माणसाला पुढं काय सांगणार? मी दुसरा चमचा भरला.

सांगायचं राहून गेलं, आणि राहून गेलेल्या गोष्टीची मी मजा केली. घरात बारसं असो, साखरपुडा असो, पोरं धरून बसतात, "काका, काठवटीची गोष्ट." मी काठवट सांगतो, सवत सांगतो, शिंप्याची नक्कल करतो, एकोणीस माणसं आणि शेळी सांगतो. शेळीशी गोष्ट संपवतो. लोक पोट धरून हसतात. बायको मात्र शेळी यायच्या आधीच उठून स्वयंपाकघरात जाते. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला पाठ झाली म्हणून कंटाळत असेल.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी पानं तिच्यापुढं ठेवली. तिनं गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि ओट्याशी उभ्यानंच सगळं वाचलं. बोल्टाच्या जागी आली तेव्हा तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वाचायला लागली. वाचून झाल्यावर पानं सरळ केली. मला वाटलं, आता विचारील, की एवढं पोटात ठेवून माझ्यासंगं कसे राहिलात.

ती म्हणाली, "तुमी सगळ्यांना हसवायला लागलात की मला मधी बोलावं वाटलं न्हाई. मामंजींना तर सांगायची छातीच झाली न्हाई, मी खोटं बोललेले ना. त्या दिवशी आत्याच्या उशाशी मी एकटीच व्हते. दारावरनं एक ट्रॅक्टर गेला, तर आत्यानं डोळे उघडले. म्हणल्या, 'आला माझा लिंगू.' मी म्हणले, 'हो आत्या, आला. बाहीर हात-पाय धुवायलाय.' तर म्हणल्या, 'धुऊ दे निवांत. लांबून आलाय लेकरू, घाई करू नका त्याला.' मग परत डोळे झाकून घेतले त्यांनी, दाराकडं तोंड करून."